नळी काढायची आठवण कुणी ठेवायची?

मूतखड्याचं ऑपरेशन झालं, कळ थांबली, की माणूस कामाला लागतो. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत बारीक नळी ठेवली आहे आणि ती काही आठवड्यांत काढायची आहे, ही गोष्ट डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत एका ओळीत असते. वर्षं जातात. मग लघवीतून रक्त जातं, थंडी वाजून ताप येतो, आणि एक्स-रेमध्ये दोन्ही टोकांना खडे धरलेली नळी दिसते. अशा रुग्णाला निष्काळजी ठरवून मोकळं होणं मला मान्य नाही.

ही नळी म्हणजे डीजे स्टेंट. पूर्वीच्या सरळ नळ्या जागेवरून सरकत. दोन्ही टोकं वळवलेली ‘डबल जे’ नळी अमेरिकेतले डॉ. रॉय फिनी यांनी 1978 मध्ये मांडली आणि ती अडचण बरीचशी सुटली. सूज उतरेपर्यंत लघवीची वाट मोकळी ठेवणं, एवढंच तिचं काम. नेहमीच्या नळीला साधारण 3 महिन्यांपलीकडे आत ठेवू नये. त्यानंतर जंतू आणि क्षार यांचे थर वाढत जातात. ज्यांना वारंवार खडे होतात त्यांच्यात आणि गरोदरपणात तर ते लवकर साचतात.

वेळेत आलेल्या रुग्णाची नळी जागा बधिर करून दुर्बिणीने काही मिनिटांत निघते. उशीर झाला की तेच वळण वैरी होतं. खड्याने धरलेलं टोक सरळ होत नाही. जोर लावला तर नळी तुटते, मूत्रवाहिनी फाटू शकते. म्हणून आधी सीटी स्कॅन, लघवीची कल्चर तपासणी, जंतुसंसर्गावर औषध, आणि मूत्रपिंड किती काम करतंय याचा अंदाज. मग बहुधा मूत्राशयातला खडा फोडायचा, लेसरने मूत्रवाहिनीतला थर काढायचा, वरचं टोक सुटत नसेल तर पाठीतून छिद्र करून मूत्रपिंडात उतरायचं. कधी हे सगळं एका बैठकीत होत नाही. मूत्रपिंड निकामी झालेलं असेल तर तेच काढावं लागतं. काही मिनिटांच्या कामाची ही किंमत!

आता बीडचा ऊसतोड मजूर डोळ्यांपुढे आणा. दिवाळीच्या सुमारास टोळी कारखान्याकडे निघते, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. ऑपरेशन निघण्याआधी झालेलं, नळी काढायची तारीख फडात असताना येणारी. दुखत नसताना रोजगार बुडवून, मुकादमाची परवानगी काढून तो परत येईल, असं गृहीत धरणं म्हणजे जबाबदारी झटकणं आहे. नळी ज्याने घातली, ती निघेपर्यंतचा हिशोब त्यानेच ठेवला पाहिजे. प्रत्येक रुग्णालयात घातलेल्या नळ्यांची वही किंवा संगणकावर यादी असावी. घरच्या दुसऱ्या माणसाचा फोन नंबर घ्यावा, तारीख उलटली की फोन करावा, आणि कार्डावर ठळक मराठीत लिहावं: ‘पोटात नळी आहे, या तारखेला काढायची.’ याला यंत्रसामग्री लागत नाही. सरकारी योजनेतून ऑपरेशनचे पैसे देताना ही नोंद सक्तीची करायला काय हरकत आहे?

तोवर वाचकांनी एक करावं. घरात कुणाचं मूतखड्याचं ऑपरेशन झालं असेल तर आज फाइल काढा. त्यात ‘डीजे स्टेंट’ असं लिहिलेलं असेल आणि नळी काढल्याचा कागद नसेल, तर दुखत नसलं तरी याच आठवड्यात मूत्ररोगतज्ज्ञांना भेटा.