दार उघडले, उंबरठा राहिला



अमेरिकेच्या टेक्सास राज्यात डॅलस नावाचे मोठे शहर आहे. त्या शहराच्या मध्यभागी, फ्लोरा स्ट्रीट या रस्त्यावर, तेथील शिक्षणमंडळाची एक माध्यमिक शाळा उभी आहे. 'बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूल फॉर द परफॉर्मिंग अँड व्हिज्युअल आर्ट्स' असे तिचे लांबलचक नाव. नववी ते बारावीच्या मुलामुलींना तेथे गणित, विज्ञान, इतिहास हे नेहमीचे विषय तर शिकवितातच. परंतु त्यांच्या जोडीने नृत्य, संगीत, नाट्य आणि चित्रशिल्पादी दृश्यकला या चारांपैकी एका कलेचे रीतसर व कसून शिक्षण देतात. शाळा सार्वजनिक खर्चाने चालते. प्रवेश मात्र सरसकट मिळत नाही. नाचून, गाऊन, वाजवून, अभिनय करून अथवा स्वतःच्या चित्रांचा संच पुढे ठेवून विद्यार्थ्याला आपली लायकी परीक्षकांना पटवावी लागते. या निवड-चाचणीस तिकडे ऑडिशन म्हणतात.

नामांकित कलावंत घडविणाऱ्या शाळा जगात पुष्कळ आहेत, आणि त्यांची यादी देणे हा आमचा हेतू नव्हे. या शाळेचा जन्म बहिष्कारातून झाला, तिचे रूपांतर न्यायालयाच्या हुकुमातून झाले, आणि आज तिच्या दारात जो प्रश्न उभा आहे तो आपल्या घरातील मुलांशी अगदी जवळचा आहे, म्हणून तिची हकीकत आपणापुढे ठेवीत आहोत.

टेक्सासची राज्यघटना १८७६ सालची. गोऱ्या मुलांसाठी व कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या शाळा असाव्यात असे तिच्या एका कलमात स्पष्ट लिहिले होते; आणि त्याच कलमात, दोघांसाठी निःपक्षपाती सोय करावी, असेही लिहिले होते. वेगळेपणा आणि निःपक्षपात कायद्याच्या कागदावर एका ओळीत सुखाने शेजारी नांदू शकतात. वर्गखोलीत ते कधी नांदलेले नाहीत. या व्यवस्थेखाली १८९२ साली डॅलसमध्ये कृष्णवर्णीयांचे हायस्कूल निघाले. त्याचे नावच 'डॅलस कलर्ड हायस्कूल' होते. १९२२ साली ते नव्या, मोठ्या इमारतीत गेले आणि त्यास बुकर टी. वॉशिंग्टन यांचे नाव देण्यात आले. १९३९ साली लिंकन हायस्कूल निघेपर्यंत साऱ्या डॅलस शहरात कृष्णवर्णीय मुलांना हायस्कूल म्हणून हीच एक शाळा होती.

बुकर टी. वॉशिंग्टन हे गुलामगिरीत जन्मलेले गृहस्थ. १८८१ साली त्यांनी टस्कीगी येथील संस्थेची धुरा घेतली. सुतारकाम, विटा पाडणे, शेती असे हातास काम देणारे शिक्षण आपल्या समाजाने आधी घ्यावे, बाकीचे मागाहून पाहता येईल, असा त्यांचा आग्रह होता. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी या मताचा कडक प्रतिवाद केला. (याच डु बॉइस यांना १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या, हे वाचकांपैकी कित्येकांस ठाऊक असेल.) विटा पाडण्याचा उपदेश करणाऱ्या पुरुषाच्या नावाच्या शाळेत आज बॅले शिकवितात! हे पाहून कोणास हसू आले तर आम्ही त्यास दोष देणार नाही. परंतु या विसंगतीचे उत्तर खुद्द वॉशिंग्टन यांच्या घरातच होते.

त्यांची कन्या पोर्शिया वॉशिंग्टन पिटमन यांनी बर्लिनला जाऊन, लिस्टचे शिष्य मार्टिन क्राउझे यांच्यापाशी पियानोचे शिक्षण घेतले होते. विवाहानंतर त्या डॅलसला आल्या, आणि १९२० च्या दशकात आपल्या वडिलांचे नाव असलेल्या या शाळेत त्यांनी संगीत शिकविले. १९२७ साली अमेरिकेतील शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेचे अधिवेशन डॅलस येथे भरले. त्या अधिवेशनात पोर्शियाबाईंनी बसविलेला, सुमारे ६०० मुलामुलींचा वृंद गायला. साल ध्यानात घ्या. या शाळेला 'कलाशाळा' हा किताब मिळण्यास अजून एकोणपन्नास वर्षे होती. वेगळी, दुय्यम ठरविलेली, शहराच्या दृष्टीने कोपऱ्यातली अशी ती शाळा. पण सहाशे मुलांना एका सुरात उभे करणारी शिक्षिका तिच्यात होती. ही मुले निवडून आणलेली नव्हती. कायद्याने ज्यांना दुसरीकडे जाता येत नव्हते ती सगळी मुले तेथे येत होती, आणि त्यांतूनच तो वृंद उभा राहिला. हा मुद्दा आम्ही पुढे पुन्हा काढणार आहोत.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राऊन' खटल्याचा निकाल दिला आणि सार्वजनिक शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. निकाल लागला म्हणजे न्याय मिळाला असे समजणाऱ्या भोळ्या पक्षकारांनी डॅलसचा पुढील इतिहास अवश्य वाचावा. सात वर्षे काहीच झाले नाही. १९६१ साली पहिल्या इयत्तेतील १८ कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळांत प्रवेश देण्यात आला, आणि दरवर्षी एक इयत्ता अशी पायरीपायरीने ही सुधारणा चढविण्याचे ठरले. या गतीने बारावीपर्यंत पोहोचण्यास एक तपच लागावयाचे. १९७० साली सॅम टॅस्बी या पालकाने शिक्षणमंडळाविरुद्ध फिर्याद लावली. वकिलीच्या पुस्तकांत तो खटला 'टॅस्बी विरुद्ध एस्टेस' या नावाने प्रसिद्ध आहे. १९७१ साली जिल्हा न्यायाधीश विल्यम टेलर यांनी जी योजना मंजूर केली, तिच्यात प्राथमिक वर्गांसाठी एक अजब तोड होती: गोऱ्या मुलांचे वर्ग आणि कृष्णवर्णीय मुलांचे वर्ग टेलिव्हिजनने एकमेकांस जोडावयाचे! मुलांनी पडद्यावर एकमेकांस पाहावे, म्हणजे ती एकत्र शिकली. पाण्याला स्पर्श न करता पाणी दाखविण्याचा हा प्रकार आपल्या वाचकांस निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. वरिष्ठ न्यायालयाने तो मान्य केला नाही.

अखेर १९७६ साली दुसरी योजना आली. राज्यघटनेतील त्या भेदकलमास तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. या योजनेत 'मॅग्नेट' शाळांची कल्पना होती. मॅग्नेट म्हणजे लोहचुंबक. मुलांना बसमध्ये घालून सक्तीने दुसऱ्या वस्तीत नेण्याऐवजी, एखाद्या शाळेत असे विशेष शिक्षण ठेवावे की सर्व वर्णांची मुले आपण होऊन तिकडे ओढली जावीत. कलेचा लोहचुंबक बसविण्यासाठी बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूलची इमारत निवडण्यात आली. जेथे केवळ बहिष्कृतांची मुले शिकत, तेथे गोरे पालक आपली मुले घेऊन अर्ज करू लागले. आमच्या मते ही घटना लहान नव्हे. ज्या दारावर कालपर्यंत हिणकसपणाचा शिक्का होता तेच दार प्रतिष्ठेचे व्हावे, याला समाजाच्या इतिहासात मोल आहे.

तथापि ताळेबंदाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. ज्या वस्तीच्या पोटातून ही शाळा निघाली ती गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांनी वसविलेली होती. १९४० च्या दशकात सेंट्रल एक्सप्रेसवे हा हमरस्ता त्या वस्तीतून, एवढेच नव्हे तर तिच्या दफनभूमीवरून काढण्यात आला. १९९० नंतर तो रुंद करताना हजाराहून अधिक मृतांचे अवशेष उकरून दुसरीकडे पुरावे लागले. पुढे या परिसराला कलाविभाग ठरविण्यात आले. भव्य वस्तुसंग्रहालय, वाद्यवृंदाचे सभागृह, ऑपेरागृह अशा इमारती शाळेच्या शेजारी उभ्या राहिल्या. २००८ साली शाळेलाही प्रशस्त नवी इमारत जोडण्यात आली. १९२२ ची जुनी इमारत मात्र राखली आहे, हे चांगले झाले. नाव राहिले, भिंती राहिल्या. ज्यांच्या मुलांसाठी त्या भिंती उभारल्या ते शेजारी बहुतेक गेले.

या शाळेने गुणी माणसे दिली यात शंका नाही. गायिका एरिका बाडू तेथल्याच. पंडित रविशंकर यांची कन्या नोरा जोन्स तेथेच शिकली आणि २००३ साली तिने एका रात्रीत पाच ग्रॅमी पारितोषिके मिळविली. परंतु आमच्या विवेचनाला सर्वांत उपयोगी उदाहरण आहे ते ट्रम्पेटवादक रॉय हारग्रोव्ह यांचे. १९८७ साली विन्टन मार्सालिस हे विख्यात वादक शाळेत आले असता त्यांनी या मुलाला ऐकले आणि तेथून त्याचे नाव झाले. २०१८ साली एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले, तोवर दोन ग्रॅमी त्यांच्या नावावर जमा होती. आता प्रश्न असा की, ऑडिशन देण्याइतके ट्रम्पेट या मुलाला आधी शिकविले कोणी? उत्तर असे की, ते त्याला कलाशाळेच्या आधीच्या साध्या सरकारी शाळांतच मिळाले. शाळेला बँड होता, बँडला शिक्षक होता. त्या शाळेत एकदा रे चार्ल्स यांच्या वाद्यवृंदातील सॅक्सोफोनवादक डेव्हिड न्यूमन येऊन वाजवून गेले, आणि त्याचा ठसा या मुलाच्या मनावर जन्मभर राहिला. म्हणजे ज्या दिवशी तो कलाशाळेच्या परीक्षकांपुढे उभा राहिला त्या दिवसाची तयारी कित्येक वर्षे आधी, सार्वजनिक खर्चाने, झालेली होती.

आता आजची स्थिती पाहा. डॅलसच्या शाळांवरील न्यायालयाची देखरेख २००३ साली संपली. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सिएटल येथील खटल्यात निर्णय दिला की, शाळेत प्रवेश देताना केवळ वर्ण पाहून एका मुलाला घेणे व दुसऱ्याला वगळणे चालणार नाही. तेव्हा प्रवेशाच्या दारात उरली ती निवड-चाचणी. ती कोणाचा वर्ण विचारीत नाही, कोणाची जात विचारीत नाही. ती एवढेच म्हणते की, वाजवून दाखव. आणि तरीही डॅलस शिक्षणमंडळाच्या एकंदर शाळांत गोऱ्या मुलांचे प्रमाण जेवढे थोडे आहे, त्याच्या कितीतरी पट अधिक ते या एका शाळेत आहे. कोणी कट केला नाही. कायदाभंग झाला नाही. ज्या घरी सहाव्या वर्षापासून पियानोची शिकवणी आहे त्या घरचे मूल चौदाव्या वर्षी निर्धास्तपणे वाजविते. ज्या घरी ती नाही त्या घरचे मूल अडखळते. आणि परीक्षक प्रामाणिकपणे पहिल्याला अधिक गुण देतात.

याला गुणवत्ता म्हणावे काय? काही अंशी म्हणावे. आम्ही भावनेच्या भरात चाचणी मोडून टाका असे म्हणणार नाही. बोटे वळत नसलेल्या मुलाला वाद्यवृंदात बसविण्याने त्या मुलाचेच हसे होते. परंतु चौदा वर्षांच्या मुलाची चाचणी ही त्याच्या आईबापांच्या मिळकतीचीही चाचणी असते, हे परीक्षकांनी स्वतःशी कबूल केले पाहिजे. कान तयार आहे पण हात शिकलेला नाही असे मूल ओळखणे कठीण असते, अशक्य नसते. एक सूर ऐकवून तो पुन्हा म्हणावयास लावावा, ताल धरावयास सांगावे, समोरची वस्तू पाहून तेथल्या तेथे रेखाटावयास द्यावी. घरून घोटून आणलेल्या तुकड्यापेक्षा अशा गोष्टींना अधिक वजन दिले तर उंबरठा थोडा उतरेल. बाकीचा उतरावयाचा तर प्राथमिक शाळेत वाद्य, रंग आणि शिक्षक पोहोचले पाहिजेत. पोर्शियाबाईंच्या सहाशेंपैकी किती मुले आजच्या चाचणीतून आत आली असती, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

कला हा श्रीमंतांचा शौक आहे, आपल्या मुलांनी आधी पोटाची विद्या घ्यावी, असे आपल्यापैकी काही जण म्हणतील. त्यांची भीती आम्हास समजते. वॉशिंग्टन यांनाही तीच भीती होती. पण कला शोषितांना कधी नाकारलेली नव्हती, नाकारलेला होता तो कलेतील मान, हे विसरू नये. अमेरिकेत कृष्णवर्णीयाने गोऱ्यांच्या करमणुकीसाठी गावे याला कोणाची हरकत नव्हती. मात्र मारियन अँडरसन या थोर गायिकेस १९३९ साली वॉशिंग्टनमधील मोठे सभागृह वर्णामुळे नाकारण्यात आले, आणि तिला लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उघड्यावर गावे लागले. ऐकावयास सुमारे ७५ हजार माणसे लोटली. आपल्याकडेही हलगी हवी होती, ती वाजविणारा मांडवात नको होता. फरक पडतो तो कला सक्तीच्या चाकरीतून सुटून शिक्षणात येते तेव्हा: तिला अभ्यासक्रम, गुरु, पदवी आणि वेतन मिळते तेव्हा. म्हणून ज्या घरातील मूल भिंतीवर कोळशाने चित्रे काढते त्या घराने त्यास रागे भरण्याआधी शाळेत जाऊन विचारावे, चित्रकलेचा शिक्षक नेमला आहे काय, वेळापत्रकातील तास खरोखर होतो काय, की त्या तासाला गणित उरकून घेतात? हा प्रश्न लेखी विचारावा आणि लेखी उत्तर मागावे.

शाळेपासून जवळच एक जुनी इमारत आहे. वर्णभेदाच्या काळात ती कृष्णवर्णीय तरुणांचे वाय. एम. सी. ए. होती. आज तेथे 'डॅलस ब्लॅक डान्स थिएटर' ही संस्था आहे. ॲन विल्यम्स या बाईंनी ती १९७६ साली, म्हणजे शाळेचे रूपांतर झाले त्याच वर्षी, स्थापन केली. मोठ्यांचे प्रयोग तर तेथे बसवितातच. शिवाय लहान मुलांना नृत्य शिकविण्याचे वर्गही ती संस्था चालविते. चौदाव्या वर्षी परीक्षकांपुढे उभे राहावयाचे पाऊल सहाव्या-सातव्या वर्षी कोठेतरी पडावे लागते, आणि ते अशा वर्गांत पडते. त्याची फी कोणी भरावयाची, पालकाने की शिक्षणमंडळाने, हा वाद डॅलसमध्ये कोणत्याही न्यायालयाच्या निकालाने मिटलेला नाही.