खेळ म्हणजे वेळ दवडणे नव्हे

कुवेत सिटीतील मराठी कुटुंबांच्या मुलांचा उन्हाळा घरातच जातो. त्या देशात मित्रिबा येथे जुलै २०१६ मध्ये ५३.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. अशा उन्हात मुलाला बाहेर कोण सोडील? मग चार वर्षांच्या मुलापुढे वही येते, नाहीतर मोबाइल. आमच्या बेटावर अंगण आहे, समुद्र आहे, तरीही वही येतेच. याचे आम्हांस वाईट वाटते.

स्वित्झर्लंडचे ज्याँ पियाजे यांनी आपल्याच तीन मुलांचे खेळ पाहून टिपणे केली. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालवाडी काढली. आदिवासी मुले येईनात. त्यांना धाकटी भावंडे सांभाळायची, गुरे चारायची. तेव्हा ताराबाई व अनुताई वाघ यांनी शाळाच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. शंख, शिंपले, बिया, पाने हेच साहित्य. ‘अंगणवाडी’ ती हीच. पुढे १९७५ साली भारत सरकारच्या बालविकास योजनेत हेच नाव देशभर गेले.

आम्ही वर्गात पाहतो, शंभरापर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला पाच बिया मोजून देता येत नाहीत. कुवेतच्या फ्लॅटमध्ये मूठभर राजमा व चार वाट्या पुरेत. आपल्याकडे तर आणखी एक गोष्ट आहे. आजीला मराठी येते, नातू क्रिओल बोलतो. दोघांना भातुकलीला बसवा. आजीने भाजी मराठीतच मागावी, नातवाने वाढावी. वही त्या दिवशी मिटलेली राहिली तरी चालेल.