दुखणाईत म्हणायचं कुणाला?

अमेरिकन फुटबॉलच्या चर्चेत ‘इंज्युरी-प्रोन’ हा शब्द इतक्या सहजपणे वापरतात की तो ऐकला की माझ्यातला भाषेचा मास्तर जागा होतो. मराठीत आपल्याकडे यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. ‘दुखापतग्रस्त’ म्हणजे ज्याला आज दुखापत झाली आहे तो. दुखापत बरी झाली की शब्दही गळून पडतो. ‘दुखणाईत’ मात्र माणसाला चिकटून बसतो. घरातल्या एखाद्या पोराला एकदा दुखणाईत ठरवलं की पुढे त्याला साधी शिंक आली तरी ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ असं म्हणणारं कुणीतरी निघतंच. उर्दूतही ‘ज़ख़्मी’ वेगळा आणि ‘नाज़ुक’ वेगळा. ‘इंज्युरी-प्रोन’ या शब्दाची लबाडी अशी की तो पुरावा ज़ख़्मी असल्याचा देतो आणि निकाल नाज़ुक असल्याचा लावतो.

माझा याच्याशी संबंध भाच्यामुळे आला. तो शिकागोला नोकरी करतो आणि बारा मित्रांच्या फँटसी लीगमध्ये खेळतो. पैसे लावत नाहीत. जिंकणाऱ्याला वर्षभर इतरांना चिडवण्याचा हक्क, एवढंच बक्षीस. दर ऑगस्टमध्ये त्याचा निरोप येतो, ‘मामू, खेलता अच्छा, पन हमेशा टूटता. लेऊं क्या नक्को?’ मला विचारण्याचं कारण माझं ज्ञान नव्हे. मी त्याच्या लीगमधल्या कुणालाच ओळखत नाही, त्यामुळे गुपित फुटत नाही. पण या निमित्ताने मी पाच-सहा वर्षं हे आकडे वाचतो आहे आणि माझं मत आता बऱ्यापैकी पक्कं झालं आहे.

खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदानाच्या कडेने सुसाट पळत जाऊन लांबून फेकलेला चेंडू झेलणारा तो वाइड रिसीव्हर. फँटसीत अशा खऱ्या खेळाडूंना निवडून आपला कागदी संघ बनवायचा. खऱ्या सामन्यात त्यांनी जे केलं त्याचे गुण आपल्याला मिळतात. सर्वसाधारण पद्धतीत प्रत्येक झेलाला १ गुण, दर १० यार्डांना १ गुण आणि टचडाउनला ६ गुण. एनएफएलमध्ये २०२१पासून प्रत्येक संघ १७ सामने खेळतो, त्याआधी १६ खेळत असे. निवड आळीपाळीने होते, त्यामुळे कोणता खेळाडू कितव्या फेरीत घेतला हीच त्याची किंमत. दुखणाईत अशी ख्याती झालेला खेळाडू एक-दोन फेऱ्या खाली घसरतो. प्रश्न एवढाच की ही घसरण रास्त आहे का.

कीनन अ‍ॅलनचं उदाहरण घेऊ. २०१३मध्ये तो सॅन दिएगो चार्जर्सकडून पहिल्याच मोसमात हजार यार्डांच्या पुढे गेला. २०१४च्या डिसेंबरमध्ये त्याचं खांद्याजवळचं कॉलरबोन मोडलं. २०१५मध्ये तो आयुष्यातला सर्वोत्तम खेळ करत होता. ८ सामन्यांत ६७ झेल, ७२५ यार्ड, ४ टचडाउन, म्हणजे सामन्यामागे सुमारे २० गुण. आठव्या सामन्यात टचडाउन झेलताना तो पडला आणि त्याच्या मूत्रपिंडाला चीर गेली. मोसम संपला. २०१६च्या पहिल्याच सामन्यात, कुणाचा धक्काही न लागता, गुडघ्याचा एसीएल लिगामेंट तुटला. तोही मोसम संपला.

२०१७च्या ऑगस्टमध्ये या माणसाला दुखणाईत न म्हणणारा शोधूनच काढावा लागला असता. लागोपाठ तीन वर्षं, तीन दुखापती. पण त्या कोणत्या, ते पाहा. एक हाड, एक मूत्रपिंड आणि एक गुडघा. मूत्रपिंडाला चीर गेल्याने गुडघा कमकुवत होत नाही, आणि मोडलेलं कॉलरबोन सांधलं की मांडीच्या स्नायूला त्याची खबरही नसते. या तीन घटनांना एका माळेत ओवणारा दोरा शरीरात नव्हता, तो मोजणाऱ्याच्या डोक्यात होता. शाळेच्या हजेरीपटाचं असंच असतं. गैरहजेरीची खूण दिसते, कारण दिसत नाही. ज्या मुलाला कावीळ झाली होती तो आणि जो दर सोमवारी बाजाराला जातो तो, दोघांचे रकाने सारखेच भरतात. पुढच्या वर्षी कोण हजर राहील याचा अंदाज मात्र दोघांबाबत सारखा करता येत नाही.

पुढे काय झालं? २०१७मध्ये अ‍ॅलन सोळाच्या सोळा सामने खेळला. १०२ झेल, १,३९३ यार्ड, आणि पुनरागमन करणाऱ्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. २०१८ आणि २०१९मध्येही सोळा-सोळा सामने. २०१७ ते २०२१ या पाच मोसमांतले झेल ओळीने १०२, ९७, १०४, १०० आणि १०६. ज्याला नाज़ुक म्हटलं तो पाच वर्षं पोस्टमनसारखा रोज दारात हजर होता.

आता उलटी बाजू. मायकेल थॉमस, न्यू ऑर्लीन्स सेंट्स. पहिल्या चार मोसमांत मिळून त्याचा एकच सामना चुकला. २०१९मध्ये त्याने १४९ झेल घेतले, एका मोसमातला तो विक्रम आहे. २०२०च्या ऑगस्टमध्ये त्याच्याइतका भरवशाचा रिसीव्हर कुणीच नव्हता. त्या मोसमाच्या पहिल्या सामन्यात घोटा मुरगळला. तिथून पुढच्या चार मोसमांत त्याचे सामने किती? ७, ०, ३ आणि १०. ‘मजबूत’ हाही एक शिक्काच होता, आणि त्याची शाईही तितकीच कच्ची निघाली.

मग दुखापतींच्या इतिहासाला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो दुखापतीच्या जातीत आहे, संख्येत नाही. मांडीच्या मागच्या स्नायूची, म्हणजे हॅमस्ट्रिंगची दुखापत परत परत होते. तिथे आधी झालेली दुखापत हाच पुढच्या दुखापतीचा सर्वांत ठळक इशारा मानला जातो. रिसीव्हरचा धंदाच असा की सुसाट पळता पळता एकदम थांबायचं आणि वळायचं, सगळा ताण त्याच स्नायूवर. विल फुलर नावाचा ह्यूस्टनचा रिसीव्हर होता. ६ ऑक्टोबर २०१९ला त्याने एका सामन्यात १४ झेल, २१७ यार्ड आणि ३ टचडाउन केले, म्हणजे ५३.७ गुण. चांगल्या रिसीव्हरचे तीन सामन्यांचे गुण एका दुपारी. दोनच आठवड्यांनी हॅमस्ट्रिंग गेला. ह्यूस्टनच्या पाच मोसमांत तो एकदाही सोळा सामने पूर्ण खेळला नाही. फुलरबद्दल भाच्याने ‘टूटता’ म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

तरीसुद्धा ‘टूटता’ म्हणून सोडून द्यायचं हा हिशेबही कच्चा आहे. समजा एक रिसीव्हर सामन्याला १८ गुण देतो, पण १७पैकी १२च सामने खेळतो. एकूण २१६. दुसरा सामन्याला १३ देतो आणि सगळे सामने खेळतो. एकूण २२१. लोक इथेच थांबतात आणि दुसरा घेतात. पण पहिला ज्या पाच आठवड्यांत नसतो, तेव्हा त्याची जागा रिकामी राहते का? बाकावरचा कुणीतरी येतो. तो ८ गुणांचा किरकोळ खेळाडू धरला तरी ४० गुण आले, बेरीज २५६. दुसऱ्यापेक्षा ३५ जास्त. गैरहजर माणसाच्या खुर्चीवर दुसरा बसतो, ही साधी गोष्ट शिक्का मारणारे विसरतात. बारा जणांच्या लीगमध्ये असा बदली खेळाडू मिळतोच. वीस-वीस जणांच्या मोठ्या लीगमध्ये तो मिळेल याची खात्री नाही, तिथे हे गणित बदलतं.

खरा तोटा गैरहजेरीने होत नाही, अर्धवट हजेरीने होतो. २०२२मध्ये अ‍ॅलन तिशीत पोचला आणि पहिल्याच सामन्यात त्याचा हॅमस्ट्रिंग दुखावला. आता ही जुनी माळ नव्हती, ही त्या वाईट जातीची दुखापत होती. सातव्या आठवड्यात तो परतला. ज्यांनी त्याला सांभाळून ठेवलं होतं त्यांनी आनंदाने संघात घेतला. त्याने दोनच झेल घेतले, आणि स्नायू पुन्हा कुरकुरल्याने तो पुन्हा बाहेर गेला. तो खेळला नसता तर बाकावरच्याचे आठ गुण मिळाले असते. म्हणून भाच्याला माझं सांगणं असतं की ऑगस्टच्या यादीपेक्षा शुक्रवारची यादी वाच. एनएफएलमध्ये संघांना आठवडाभर सरावाचा अहवाल द्यावा लागतो, कोण पूर्ण सराव करतोय, कोण थोडा, कोण अजिबात नाही. शेवटी ‘आउट’, ‘डाउटफुल’ किंवा ‘क्वेश्चनेबल’ असा शेरा लागतो. ‘आउट’ प्रामाणिक शेरा आहे. डोकेदुखी ‘क्वेश्चनेबल’ची. हॅमस्ट्रिंगवाला क्वेश्चनेबल पहिल्या सामन्यात परतत असेल तर त्याला एक आठवडा बाकावरच बसवावा, त्याचं नाव कितीही मोठं असो.

आणि एक गोष्ट कुठल्याच गणितात बसत नाही. २०२३मध्ये अ‍ॅलनने १३ सामन्यांत १०८ झेल घेतले, सामन्यामागे सुमारे २१ गुण. ज्यांनी त्याला स्वस्तात घेतलं ते डिसेंबरपर्यंत राजासारखे वावरले. मग टाच दुखावली आणि शेवटचे चार आठवडे तो खेळलाच नाही. फँटसीच्या बाद फेऱ्या नेमक्या त्याच आठवड्यांत होतात. त्याने नेलेलं तारू त्याच्याचविना किनाऱ्यावर आणायचं होतं. यावर उपाय नाही. असे खेळाडू तीन घेऊ नयेत, एक घ्यावा, आणि तो मिळाल्यावर पुढच्या फेऱ्यांत बाकाकडे जरा जास्त लक्ष द्यावं, एवढंच करता येतं.

इथेच मला पैशांचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. फँटसी खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद आपल्याकडे क्रिकेटच्या निमित्ताने बराच चालला. २०१७मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तो कौशल्याचा मानला. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून कौशल्य-नशीब हा भेदच बाजूला ठेवला आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. माझ्यासारख्याला मैसिर, म्हणजे जुगार, हराम असल्याचं लहानपणापासून ठाऊक असतं, त्यामुळे पैसे लावणाऱ्या लीगमध्ये मी सल्लाही दिला नसता. पण धर्म बाजूला ठेवून पाहिलं तरी वर सांगितलेलं सगळं वाचन, जात ओळखणं, बदली धरणं, शुक्रवारची यादी, हे नक्कीच कौशल्य आहे. आणि ते सगळं करूनही डिसेंबरात टाच दुखावते. कौशल्याने जितकं चढता येतं, त्याच्या वरच्या पायरीवर तकदीर बसलेली असते. मित्रांच्या चिडवाचिडवीत ती गंमत आहे. ज्याने पगार लावला त्याच्यासाठी ती गंमत राहत नाही, आणि मग तो चिडतो कुणावर? ज्याची टाच दुखते त्याच्यावर. दुखापत झालेल्या खेळाडूंना अनोळखी लोक शिव्यांचे निरोप पाठवतात, ते याच रागातून.

एका दुखापतीबाबत मात्र माझं आणि भाच्याचं अजिबात जमत नाही. ख्रिस ओलावे हा सेंट्सचा तरुण रिसीव्हर. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या डोक्याला मार बसून मेंदूला धक्का बसला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुन्हा तसाच मार, आणि त्याला मैदानातून स्ट्रेचरवर न्यावं लागलं. त्या मोसमात तो ८च सामने खेळू शकला. त्याआधीही त्याला असे मार बसलेले होते. पुढच्या ऑगस्टमध्ये भाच्याने नेहमीप्रमाणे विचारलं, कितव्या फेरीत परवडेल?

गुडघ्याचा, घोट्याचा, मांडीचा हिशेब मी करतो. स्नायूला बरं व्हायला किती आठवडे लागतात याचा अंदाज असतो, आणि पंचवीस वर्षांच्या पोराचा घोटा बरा होणार हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत असतं. डोक्याचं तसं नाही. तिथे पुढचा मार कधी बसेल यावर माझा फायदा-तोटा ठरवायचा म्हणजे त्या माणसाच्या चाळिशीतल्या स्मरणशक्तीवर फेरीचा आकडा लिहायचा. मी कळवलं की हा मला परवडत नाही, कुठल्याच फेरीत.

भाच्याचं उत्तर लगेच आलं. ‘मामू, मैं नक्को बोला तो उसका सर अच्छा होता क्या? कोई और लेता.’ त्याचं म्हणणं बरोबर आहे, दुसरं कुणीतरी घेणारच होतं. मी लिहिलं, मग त्यालाच घेऊ दे. त्यावर त्याने हसणारा चेहरा पाठवला आणि लगेच पुढच्या खेळाडूचं नाव विचारलं, घोट्यावाल्याचं.