सरकारी कर्मचाऱ्यांची सक्तीची ड्रग टेस्ट: तलाठी आणि कंट्रोल टॉवरला एकच नियम लावायचा का?

सुकापूरहून माथेरान रोडने नवीन पनवेलकडे निघणाऱ्या सकाळच्या गर्दीत सरकारी नोकरदार कमी नसतात. कुणी पनवेलहून लोकल पकडून मंत्रालयात जातो, कुणी महावितरणमध्ये वायरमन आहे, कुणी एसटी चालवतो, कुणी पोलिसात आहे. या सगळ्यांना वर्षातून एकदा लघवीचा नमुना द्यायला लावायचा का?

पोलिस किंवा अधिकारी अमली पदार्थांच्या प्रकरणात सापडला की ही मागणी पुन्हा वर येते. ऐकायला ती रास्त वाटते. 'जनतेच्या पैशातून पगार घेता, मग टेस्ट द्यायला काय हरकत?' पण ही चाचणी काय पकडते, काय सोडते आणि चुकली तर किंमत कोण मोजतो, हे पाहिलं की सरसकट सक्तीचा आग्रह टिकत नाही.

असा प्रयोग आधी कुठे झाला?

पंजाबमध्ये. जुलै २०१८ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री कॅप्टन अमरिंदर सिंग यांनी पोलिसांसह सर्व सरकारी कर्मचाऱ्यांना भरतीपासून सेवेच्या प्रत्येक टप्प्यावर डोप टेस्ट बंधनकारक करण्याचे आदेश दिले. कर्मचाऱ्यांचा पहिला प्रश्न होता, 'मग आमदार-मंत्र्यांचं काय?' काही लोकप्रतिनिधींनी स्वतःहून चाचणी दिली. पण त्यांच्यावर सक्ती झाली नाही, निर्णय त्यांच्या विवेकावर सोडला गेला. लिपिकाला आदेश आणि आमदाराला विवेक, ही विभागणी तेव्हाही पटणारी नव्हती.

महाराष्ट्रात काय चित्र आहे?

इथे गाजलेली प्रकरणं सेवनाची कमी आणि संगनमताची जास्त आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये ड्रग प्रकरणातला आरोपी ललित पाटील पुण्याच्या ससून रुग्णालयातून पळाला आणि बंदोबस्तावरच्या पोलिसांवर कारवाई झाली. २०२५ मध्ये नवी मुंबईतल्या मोठ्या ड्रग तस्करी प्रकरणात पोलिस कर्मचारी आणि सीमाशुल्क विभागातला अधिकारी अटकेत गेले. अमली पदार्थांच्या प्रकरणात पोलिस सापडला तर थेट बडतर्फी, अशी भूमिका मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीरपणे घेतली आहे.

आता प्रश्न असा की, यातलं काय लघवीच्या चाचणीत दिसलं असतं? काहीच नाही. आरोपीकडून पाकीट घेणाऱ्याच्या किंवा कंटेनरकडे डोळेझाक करणाऱ्याच्या लघवीत ड्रग सापडत नाही. त्यासाठी कॉल रेकॉर्ड, बँक खाती आणि मालमत्तेची चौकशी लागते. टेस्ट सेवन पकडते. तस्करी आणि भ्रष्टाचार तिच्या कक्षेबाहेर आहेत.

चाचणी नेमकी कशी होते?

दोन टप्प्यांत. पहिला टप्पा झटपट किटचा. लघवीत एखाद्या गटातल्या पदार्थाचे अंश ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असतील, तर किट 'पॉझिटिव्ह' दाखवतं. पण हा फक्त संशय असतो. दुसऱ्या टप्प्यात प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमेट्रीने तो पदार्थ नेमका कोणता, हे ठरतं. हा टप्पा महाग आणि वेळखाऊ आहे, म्हणून काटकसरीत पहिली कात्री त्यालाच लागण्याची भीती असते.

पहिल्या टप्प्यावरच निकाल लावला तर काय होईल? करंजीच्या सारणातली आणि अनारशावरची खसखस अफूच्या झाडाचीच. खसखस खाल्ल्यानेही लोक पॉझिटिव्ह येत असल्यामुळे अमेरिकेने १९९८ मध्ये अफूवर्गीय पदार्थांची मर्यादा ३०० वरून २,००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर केली. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि सर्दीच्या काही गोळ्याही किटला गोंधळात टाकतात.

उलटी बाजूही आहे. महाराष्ट्रात सर्वाधिक चर्चा असते ती एमडीची, म्हणजे मेफेड्रोनची. नेहमीच्या पाच पदार्थांच्या किटमध्ये त्याचा समावेशच नसतो. शिवाय कोकेनचे अंश साधारण दोन ते चार दिवसांत निघून जातात, तर नियमित गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत ते महिनाभरही राहू शकतात. तारीख आधी कळवून वर्षातून एकदा घेतलेली टेस्ट हुशार माणूस सहज पास होईल.

साधं गणित

समजा, १,००० कर्मचाऱ्यांपैकी १० जण खरोखर ड्रग्ज घेतात आणि किट ९५ टक्के अचूक आहे. १० पैकी ९ किंवा १० जण सापडतील. पण उरलेल्या ९९० निर्दोष लोकांपैकी ५ टक्के, म्हणजे सुमारे ५०, चुकून पॉझिटिव्ह येतील. एकूण साठेक 'पॉझिटिव्ह' लोकांपैकी ५० निर्दोष! ही यादी पुष्टीआधीच ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेली, तर नंतरचा निगेटिव्ह अहवाल कोण वाचणार?

घाईची किंमत मुंबईने पाहिली आहे. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्ह पोलिस ठाण्यातल्या एका हवालदाराचं एमडी प्रकरण गाजलं. लॉकरमधून आणि घरातून पावडर जप्त झाली, अटकसत्र झालं. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालातून ती पावडर अजिनोमोटो असल्याचं समोर आलं.

कायदा काय म्हणतो?

एनडीपीएस कायदा, १९८५ च्या कलम २७ नुसार अमली पदार्थांचं सेवन हा गुन्हा आहे. कोकेन, हेरॉइनसारख्या पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत, तर इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कायद्याचं कलम ६४अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देतं. म्हणजे व्यसनी माणसाला उपचाराचा रस्ता कायद्यानेच खुला ठेवला आहे.

२०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो मर्यादित करायचा तर कायद्याचा आधार, वैध हेतू आणि प्रमाणात असलेला उपाय लागतो. नुसत्या परिपत्रकावर लाखो लोकांचे नमुने घेणं या कसोटीवर अवघड जाईल.

अमेरिकेतही रेघ कामाच्या स्वरूपावर ओढली गेली. ड्रग्ज पकडणाऱ्या किंवा शस्त्र बाळगणाऱ्या सीमाशुल्क कर्मचाऱ्यांची चाचणी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये मान्य केली. राज्यातल्या ठरावीक पदांसाठी निवडणूक लढवणाऱ्या उमेदवारांना चाचणी लावणारा जॉर्जिया राज्याचा कायदा मात्र १९९७ मध्ये रद्द केला. कारण त्यामागे खरी गरज दाखवता आली नाही.

मग काय करायला हवं?

उत्तर सुकापूरपासून काही किलोमीटरवरच आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली. डीजीसीएच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार वैमानिक, केबिन क्रू आणि एअर ट्रॅफिक कंट्रोलर यांची अचानक ड्रग टेस्ट होते. दरवर्षी किमान १० टक्के लोकांची, तीही न सांगता. पुष्टी होईपर्यंत कामावरून बाजूला केलं जातं. पहिल्यांदा दोषी आढळल्यास व्यसनमुक्ती उपचार, दुसऱ्यांदा परवाना निलंबित, तिसऱ्यांदा रद्द.

राज्यालाही हाच साचा वापरता येईल. ज्यांच्या हातात स्टिअरिंग, बंदूक, जप्त मुद्देमाल किंवा उच्चदाबाची वीजवाहिनी आहे, त्यांची अचानक चाचणी व्हावी. किटमध्ये एमडी असावा. प्रयोगशाळेच्या पुष्टीशिवाय नाव बाहेर जाऊ नये, कारवाई होऊ नये. स्वतःहून मदत मागणाऱ्याची नोकरी सुरक्षित राहावी. आणि पोलिस शिपायाची चाचणी होत असेल, तर त्याच्या वरिष्ठांचीही व्हावी.

सातबारा देणाऱ्या तलाठ्याकडून सुकापूरकरांना वेळेत आणि बिनपैशांचं काम हवं आहे. ते लघवीच्या बाटलीतून तपासता येत नाही. एसटीच्या चालकाची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याच्या मागे चाळीसेक माणसं बसलेली असतात. हा फरक न करता काढलेला आदेश दिसायला कडक असेल, पण खरा गुन्हेगार त्यातून सहज निसटेल आणि खसखस खाल्लेला लिपिक खुलासा देत बसेल.

(व्यसनमुक्तीसाठी मदत हवी असल्यास केंद्र सरकारची टोल फ्री हेल्पलाइन: १४४४६)