छायाचित्रातील ‘नको असलेले’

या स्मरणिकेसाठी जुनी समूहछायाचित्रे निवडण्याचे काम संपादक मंडळाने माझ्याकडे सोपविले होते. त्यांतील एका छायाचित्रात विद्यार्थ्यांच्या रांगांमागे वसतिगृहाची पत्र्याची शेड, दोरीवर वाळत घातलेले कपडे, पाण्याचा ड्रम आणि दारात परात घेऊन उभ्या असलेल्या स्वयंपाकघरातील मावशी दिसतात. ‘‘सर, मागचे सगळे काढून टाकू या, फोटो स्वच्छ दिसेल,’’ असे एक माजी विद्यार्थी म्हणाला. मीही होकार दिला. काही मिनिटांतच ते सारे पुसले गेले आणि मुलांच्या मागे एक कोरी भिंत उभी राहिली. ती पाहून मी अस्वस्थ झालो, कारण तशी भिंत आपल्या शाळेत कधीच नव्हती.

पुसलेल्या वस्तूमागे काय होते, हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसते. ते आजूबाजूचे रंग आणि पोत पाहून रिकामी जागा भरून काढते. ‘फोटोशॉप’मध्ये २०१० साली आलेली ही सोय आज मोबाईलवरही उपलब्ध आहे. परंतु असा भरलेला भाग हा पुरावा नसतो, केवळ अंदाज असतो.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे सोव्हिएत रशियातील एक छायाचित्र आठवते. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्टालिनच्या शेजारी गुप्त पोलीस दलाचा प्रमुख निकोलाय येझोव्ह उभा होता. १९४० मध्ये त्याला देहदंड देण्यात आला. पुढे त्याच छायाचित्रात त्याच्या जागी फक्त पाणी उरले. तेथे सत्तेला एक माणूस नको होता; आपल्याला केवळ नीटनेटकेपणा हवा होता. हेतूंत मोठे अंतर आहे, हे मान्य. तथापि, पन्नास वर्षांनी छायाचित्र पाहणाऱ्याला आपला हेतू दिसणार नाही. त्याला फक्त कोरी भिंत दिसेल.

जुन्या छायाचित्रावरील बुरशीचे डाग आणि ओरखडे अवश्य काढावेत. ते त्या क्षणाचा भाग नव्हते. पत्रे, ड्रम आणि दोरीवरचे कपडे मात्र त्या क्षणाचा भाग होते. त्यांची लाज कोणी बाळगावी? त्याच पत्र्यांखाली अभ्यास करून आपले विद्यार्थी पुढे गेले. ती परिस्थिती पुसली, तर त्यांनी कापलेले अंतरही पुसले जाते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे एवढेच की, मूळ प्रत नेहमी जशीच्या तशी जपावी. सजावटीसाठी बदल केलाच, तर तसे छायाचित्राखाली स्पष्ट लिहावे. आणि माणूस तर कधीही पुसू नये.

ते छायाचित्र या अंकात मूळ स्वरूपातच छापले आहे. त्याखाली सर्व विद्यार्थ्यांची नावे आहेत. दारातील मावशींचे पूर्ण नाव मात्र आमच्यापैकी कोणालाही सांगता आले नाही. ज्यांना ते ठाऊक असेल, त्यांनी कृपया शाळेस कळवावे.