बर्फावर टाकलेली खडी

कॅनडाच्या युकॉनमध्ये, डॉसन सिटीच्या चाळीसेक किलोमीटर अलीकडे, उत्तरेला एक फाटा फुटतो. तिथेच टाकी भरून घ्यायची, कारण पुढचा पंप थेट ३६९ किलोमीटरवर, ईगल प्लेन्सला. हा डेम्पस्टर हायवे. इनुविक गावापर्यंत साधारण ७४० किलोमीटर, जवळजवळ सगळा खडीचा. खडीही अशी धारदार, की जाणकार दोन स्टेपन्या घेऊनच निघतात.

डांबर नाही म्हणून या रस्त्याला कमी लेखू नये. इथली जमीन खोलवर कायमची गोठलेली आहे. तिच्यातला बर्फ वितळला की ती खचते. म्हणून १९७९मध्ये खुला झालेला हा रस्ता बांधताना जमीन उकरली नाही. उलट तिच्यावर खडीमुरमाचा जाड भराव घातला, कुठे कुठे दोन मीटरहून उंच, म्हणजे वरची ऊब खाली पोचत नाही. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून ठेवतात, तसंच हे. जमिनीला न डिवचता तिच्यावरून जाण्याचं हे शहाणपण मला फार मोलाचं वाटतं.

आम्ही ऑगस्टअखेर गेलो. टूम्बस्टोन डोंगररांगेच्या काळ्या सुळक्यांखाली सगळा उतार तांबडालाल झालेला. तो रंग गुडघ्याएवढ्या बर्चच्या झुडपांचा. खाली बसून पाहिलं तर वीतभर जागेत ओलं शेवाळ, निळी बोरं आणि पांढुरकं, कुरळं दगडफूल. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचं भावंडच. हिवाळ्यात कॅरिबू, म्हणजे इथली रानटी रेनडिअर हरणं, बर्फ उकरून तेच खातात. पॉर्क्युपाइन नावाचा त्यांचा कळप २०१७च्या गणनेत दोन लाखांवर होता.

आर्क्टिक वृत्त ओलांडल्यावर पील नदी येते. पूल नाही. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरून गाड्या, आणि मधले काही आठवडे, नदी गोठेपर्यंत किंवा तिच्यावरचा बर्फ फुटेपर्यंत, वाट पाहायची. पुढे मॅकेन्झी नदीवरही तेच.

पील ओलांडली की फोर्ट मॅकफर्सन. इथे चार पोलिसांच्या कबरी आहेत. डिसेंबर १९१०मध्ये फिट्झजेराल्ड या अधिकाऱ्याची ही तुकडी इथून कुत्र्यांच्या स्लेजवरून डॉसनला निघाली. लवकर पोचायचं म्हणून शिधा कमी घेतला होता. वाटेत भेटलेल्या, इथल्या ग्विचिन या आदिवासी समाजातल्या वाटाड्याला त्यांनी थोड्या अंतरावरून परत पाठवलं. मग एका ओढ्याचं वळण सापडेना. मागे फिरले, स्लेजचे कुत्रे मारून खाल्ले, आणि चौघेही वाटेतच गेले. त्यांचा शोध लावला तो डॉसनहून आलेल्या, पोलीस दलातल्याच डेम्पस्टर यांनी. रस्त्याला त्यांचं नाव मिळालं ते योग्यच. पण त्यांच्याबरोबर चार्ली स्टुअर्ट हा ग्विचिन वाटाड्या होता. माझ्या मते त्याचं नावही या रस्त्यावर ठळकपणे असायला हवं.

२०१७पासून इनुविकच्या पुढे तुक्तोयाक्तुकपर्यंत, म्हणजे आर्क्टिक महासागरापर्यंत, बारमाही रस्ता झाला आहे. पर्यटक पाण्यात पाय बुडवून फोटो काढतात. आम्हीही काढले. पण तिथला किनारा डोळ्यांदेखत ढासळतो आहे. समुद्रावरचा बर्फ पूर्वीइतका टिकत नाही, लाटा थेट गोठलेल्या मातीवर आदळतात. काठावरची काही घरं २०२०मध्ये उचलून आत न्यावी लागली. या छोट्या गावाने जग तापवलेलं नाही. तरी घर हलवायची पाळी त्याच्यावर आली, हे मला अजून पचलेलं नाही.