ओटीपी अब्बांचा, मोबाइल पोरांचा

मुलांच्या हातातल्या मोबाइलचा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, ही आईबापांची जबाबदारी आहे; फोनमध्ये पॅरेंटल कंट्रोल दिलेले आहे, ते लावा आणि सरकारला घरात बोलावू नका. दुसरी म्हणते, ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांची सोशल मीडियाची दारे बंद केली, आपणही करू. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि माझे गाव नंदुरबार जिल्ह्यातले कळसाडी. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये या वादाला काही अर्थ असेल. कळसाडीत उभे राहून पाहिले तर दोन्ही पार्ट्या एकाच माणसाच्या डोक्यावर ओझे देताना दिसतात, आणि तो माणूस बहुतेक वेळा घरी नसतो.

पॅरेंटल कंट्रोल कसे बनवलेले असते ते आधी पाहू. गूगलचे फॅमिली लिंक घ्या. पालकाचे स्वतःचे गूगल खाते लागते, मुलाचे वेगळे खाते लागते, मुलाचा वेगळा फोन धरलेला असतो आणि मुलाची जन्मतारीख खरी टाकलेली असावी लागते. मग कोणते अॅप चालेल, किती वेळ चालेल, रात्री फोन कधी लॉक होईल हे पालकाने ठरवायचे. इन्स्टाग्रामनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात ‘टीन अकाउंट’ आणले. त्यात १६ वर्षांखालच्या मुलाला बंधने सैल करायची असतील तर पालकाची परवानगी लागते. काम चांगले केले आहे, मी नावे ठेवत नाही. पण हे बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट घर आहे: माणशी एक फोन, सेटिंगचे सहा पडदे निवांत वाचणारी आई आणि रोज संध्याकाळी घरी येणारा बाप.

आमच्याकडच्या कितीतरी घरांत धड चालणारा स्मार्टफोन एकच असतो. दिवसभर तो अब्बांच्या खिशात, जेवणानंतर पोरांच्या हातात. खाते अब्बांचे, सिम अब्बांचे, जन्मसाल १९८४. दहा वर्षांचा पोरगा रील बघत असतो तेव्हा यंत्राच्या लेखी चाळिशीतला माणूस रील बघत असतो. मुलांसाठी म्हणून केलेली एकही सोय तिथे चालू होत नाही, कारण यंत्राच्या हिशोबात त्या घरात मूलच नाही.

शिवाय ‘पालक’ म्हणजे नेमके कोण? आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी माणसे ऊसतोडीला, गुजरातेत मजुरीला जातात आणि पोरे आजीजवळ किंवा आश्रमशाळेत राहतात. अक्कलकुव्याच्या जामियात हजारो मुले वसतिगृहात राहून शिकतात. या मुलांचे पॅरेंटल कंट्रोल कोणाच्या फोनवर बसवायचे? रेक्टरच्या?

‘मग कायदा करा,’ असे दुसरी पार्टी म्हणते. पण कायदा झालेला आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. त्याचे कलम ९ मुलांविषयी आहे. वय १८ पूर्ण नसेल तर मुलाचा डेटा वापरण्याआधी कंपनीने पालकांची पडताळणी केलेली संमती घ्यायची. मोडले तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. ऐकायला जबरदस्त वाटते. आता हे चालणार कसे ते पाहा. मी मूल आहे हे बहुधा मुलानेच सांगायचे. मग जो कोणी पालक म्हणून पुढे येईल तो सज्ञान आहे आणि त्याची ओळख पटते, एवढे कंपनीने तपासायचे. डिजिलॉकर वगैरे मार्गाने. तो त्या मुलाचा बापच आहे हे तपासण्याची सक्ती नियमात नाही. १९ वर्षांचा मोठा भाऊ चालेल. चौकातला झेरॉक्सवालाही चालेल. आणि अब्बा असलेच तर काय होईल हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पोरगा म्हणेल, ‘अब्बा, ओटीपी आया क्या?’ आणि अब्बा आकडे वाचून दाखवतील.

म्हणजे ज्याला आपण सरकारी नियमन म्हणतो, तेही या भागापुरते पॅरेंटल कंट्रोलच आहे, फक्त राजपत्रात छापलेले. कंपनीने एक चौकट दाखवायची, पालकाने हो म्हणायचे, पुढचे पाप पालकाच्या माथी.

त्याच कलमात एक चांगली ओळ आहे आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. मुलांचा माग काढायचा नाही, त्यांच्या वागण्यावर नजर ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. इथे ओटीपी नाही, बंधन थेट कंपनीवर आहे. मात्र केंद्र सरकार काही कंपन्यांसाठी यातली वयोमर्यादा खाली आणू शकते, आणि समोर मूल आहे हे कंपनीला कळलेच नाही तर ही ओळही अब्बांच्या खात्यावर निकामी. मग वय ओळखण्यासाठी सगळ्यांचीच ओळखपत्रे तपासा, अशी मागणी येते. ऑस्ट्रेलियाची वाट तिकडेच जाते, आपल्याकडेही तीच सुचवली जाते.

या वाटेला माझा विरोध आहे. पहिले कारण धंद्यातले. गोळा केलेला डेटा कधी ना कधी फुटतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्डने जाहीर केले की वयाच्या तपासणीसाठी घेतलेल्या सरकारी ओळखपत्रांचे सुमारे ७०,००० जणांचे फोटो बाहेरच्या एका ठेकेदाराकडून फुटले असावेत. दुसरे कारण आपले. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात पोरांच्या मोबाइल स्टेटसवरून काय झाले ते आठवा: बंद, दगडफेक, लाठीमार, मग इंटरनेट बंद. ज्या समाजातल्या पोराचा एक स्टेटस अख्ख्या मोहल्ल्याला महागात पडू शकतो, त्याने प्रत्येक खाते ओळखपत्राला बांधण्याची मागणी करण्याआधी दहा वेळा विचार करावा. तिसरे कारण मुलींचे. ‘असर २०२४’ च्या पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी स्वतःचा फोन ३६ टक्के मुलग्यांकडे आणि २७ टक्के मुलींकडे होता. ऑनलाइन काही वाईट घडले की आपल्या घरांत पहिला उपाय म्हणजे मुलीचा फोन काढून घेणे. गिटहबवर मुस्लिम स्त्रियांच्या फोटोंचा ‘लिलाव’ जुलै २०२१ मध्ये एकदा झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याच ठिकाणी दुसऱ्या नावाने पुन्हा झाला. यंत्र तसेच राहिले आणि फोटो काढून टाक असे पोरींना सांगितले गेले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मग करायचे काय? कायदा करायचा, पण तो यंत्रावर.

माझ्या कामातली एक साधी गोष्ट सांगतो. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होणे, रात्री अकराला नोटिफिकेशन येणे, अनोळखी माणसाला थेट मेसेज पाठवता येणे, प्रोफाइल सगळ्यांना दिसणे, यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे प्रोग्रॅममधला एक खटका आहे. चालू किंवा बंद. नवे खाते उघडताना तो खटका कोणत्या बाजूला असेल हे कंपनी ठरवते, आणि बहुतेक माणसे त्याला आयुष्यात हात लावत नाहीत, तुम्ही-आम्हीसुद्धा. ब्रिटनमध्ये मुलांसाठीची डिझाइन-संहिता २०२१ मध्ये लागू होण्याच्या सुमाराला यूट्यूबने १८ खालच्यांचे ऑटोप्ले आपणहून बंद ठेवायचे ठरवले आणि टिकटॉकने १३ ते १५ वयाच्या मुलांना रात्री नऊनंतर नोटिफिकेशन पाठवणे थांबवले. त्यासाठी कोणा आईला सेटिंग शिकावे लागले नाही.

आपल्याकडे फोन घरात एकच, म्हणून आपल्याला याच्या एक पाऊल पुढे जावे लागेल. खटका सगळ्यांसाठीच बंद ठेवा, वय विचारूच नका. ज्या मोठ्या माणसाला ऑटोप्ले हवे त्याने एकदा बोट दाबून चालू करावे. त्याचे स्वातंत्र्य त्या एका बोटाने जात नाही, आणि अब्बांच्या खात्यावर बसलेला दहा वर्षांचा पोरगाही वाचतो.

असे कायदे आपल्याकडे होतच नाहीत असे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्राने बंदी घातली. सरसकट बंदी योग्य का, यावर वाद होऊ शकतो. पण तिची रचना पाहा: कंपनी, जाहिरात आणि बँकेचा व्यवहार या तीन ठिकाणी तिने हात घातला, पालकांकडे संमती मागितली नाही. त्याआधीच्या जुलैत आपल्या राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर विधान परिषदेत रमी दिसली होती. गेम अचानक उघडला, मी तो स्किप करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. खुलासा खरा धरू. कॅबिनेट मंत्र्याला जे चटकन बंद करता आले नाही ते चौथीतल्या पोराला कसे जमायचे?

कायद्याची वाट न पाहता काही गावांनी आपापले उपाय काढले. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशीच्या ग्रामपंचायतीने त्याच वर्षी १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइल बंदीचा ठराव केला. मला वडगावचे जास्त पटते, कारण भोंगा वाजला की बापानेही फोन ठेवायचा असतो. तरी तो दीड तासाचा उपाय आहे, आणि भोंगा वाजवायला गावात माणसे लागतात. ऊसतोडीच्या दिवसांत आमच्याकडे तीच नसतात.

हे वाचणारे तुम्ही विशी-पंचविशीतले आहात. घरातला फोन सेट करून देणारे, चाचांचे अॅप अपडेट करणारे तुम्हीच. ‘असर’ मध्येच दिसले की सोशल मीडिया वापरणाऱ्या त्या वयाच्या मुलांपैकी एखादे प्रोफाइल ब्लॉक किंवा रिपोर्ट कसे करायचे हे ६२ टक्क्यांनाच माहीत होते. धाकट्या भावंडांना ते या आठवड्यात शिकवून टाका, बहिणीला आधी. कोणी फोटोवरून धमकावले तर सायबर तक्रारीसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८, हे दोन आकडे त्यांना तोंडपाठ हवेत, आणि फोन हिसकावला जाणार नाही हा भरवसाही.

मोठे काम मे २०२७ च्या आधीचे आहे. सगळ्या खात्यांवर हे खटके मुळात बंद असावेत, अशी मागणी खासदारांकडे आणि केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे लेखी जायला हवी. एकट्याच्या ईमेलपेक्षा ग्रामसभेच्या ठरावाला वजन असते. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. विषयपत्रिका निघण्याआधी ग्रामसेवकाकडे अर्ज द्या आणि पोच घ्या.